वर्गातील प्रश्न जगाच्या न्यायालयात

मे महिन्यात खानदेशातील रस्ते दुपारी ओस पडतात. जळगाव, भुसावळ, धुळे या गावांत पारा ४२-४३ अंशांवर तर सहज जातो; काही दिवस तो ४५ च्याही पुढे सरकतो. ज्या गरम वाऱ्याला तुम्ही घरी 'लू' म्हणता, त्याला मराठीत 'उन्हाच्या झळा' म्हणतात. घराबाहेर पडणारा माणूस डोक्याला रुमाल बांधतो, खिशात कांदा ठेवतो आणि सावली धरून चालतो. शाळा सकाळच्या होतात. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी रमजानचे बरेचसे रोजे मे महिन्यातच आले होते. त्या दिवसांत धुळ्याच्या यंत्रमागावर, पत्र्याच्या छपराखाली, रोजा ठेवून काम करणाऱ्या माणसाला ऊन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

यावर कोणी म्हणेल, खानदेशात ऊन पूर्वीही होते. ते खरेच आहे. पण पूर्वीचे ऊन ठरल्या वेळी येई आणि ठरल्या वेळी जाई. शेतकऱ्याने आपली शेती त्याच्या बेताने बसवली होती. जळगाव जिल्ह्यातील केळीचेच उदाहरण घ्या. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत जून-जुलैमध्ये लावलेल्या बागेला 'मृगबाग' म्हणतात आणि पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या बागेला 'कांदेबाग' म्हणतात. ही नावेच सांगतात की शेतकऱ्याचा ऋतूंवर किती भरवसा होता. २०१६ साली 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही केळी या मातीची आणि या हवेची, यावर सरकारी शिक्का बसला. आता ती हवाच भरवशाची राहिलेली नाही. ऊन फार वाढले की पानांच्या कडा करपतात आणि भरत आलेले घड सटकून खाली पडतात. त्यातून वाचलेली बाग मे-जूनच्या वादळात आडवी होते. केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. तो गेला की वर्षाची मेहनत गेली.

अशा शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. ठरलेल्या दिवसांपर्यंत तापमान ठरलेल्या अंकाच्या वर राहिले, किंवा थंडीत ठरलेल्या अंकाच्या खाली गेले, की भरपाई मिळते. योजना चांगली आहे. पण जरा विचार करा, ही भरपाई देतो कोण? विम्याच्या हप्त्यातला काही भाग शेतकरी स्वतः भरतो आणि उरलेला सरकार भरते. सरकारचा पैसा म्हणजे तुमचा-आमचा पैसा. ज्यांच्यामुळे हवा बिघडली, त्यांच्या खिशातून यात एक पैसाही येत नाही.

हवा कोणामुळे बिघडली? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत जातो. तो सूर्याची उष्णता पृथ्वीजवळ धरून ठेवतो. एकदा हवेत गेलेल्या या वायूचा बराच भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो. म्हणून आजची उष्णता ही केवळ आजच्या धुराची नाही. दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपात कारखाने सुरू झाले, तेव्हापासूनच्या धुराची आहे. कारखाने येण्यापूर्वीच्या काळाशी तुलना केली, तर २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते. आजवर जगाने हवेत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारतात जगातील सतरा-अठरा टक्के लोक राहतात, पण या साठ्यातील भारताचा वाटा सुमारे चार टक्केच आहे. धूर एकाने केला आणि डोळे दुसऱ्याचे चुरचुरले, असा हा प्रकार आहे.

मग या दुसऱ्याने तक्रार करायची कोठे?

येथे थोडे विषयांतर करतो. उर्दू जाणणारा मुलगा न्यायालयाच्या दारात आला, की त्याला मराठी एकदम ओळखीची वाटू लागते. वकील, दावा, अर्ज, हक्क, मुदत, फिर्याद, कैफियत हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथलेच झाले. काहींचे अर्थ मात्र वाटेत बदलले. उर्दूत 'कैफियत' म्हणजे हालहवाल; मराठीत ज्याच्यावर दावा झाला त्याने कोर्टात दिलेले लेखी उत्तर. उर्दूत 'फरियाद' म्हणजे दुःखाने घातलेली साद. मराठीत 'फिर्याद' म्हणजे रीतसर नोंदवलेली तक्रार. फरियाद कोणीही, कोठेही करू शकतो. फिर्यादीला मात्र जागा लागते, नियम लागतो आणि ती ऐकणारा अधिकारी लागतो. तापत्या जगाबद्दल गरीब देश वर्षानुवर्षे फरियाद करत होते. तिला न्यायालयाची वाट दाखवली ती काही विद्यार्थ्यांनी.

ते विद्यार्थी आपल्यापासून फार दूरचे, पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पाहा. तेथे वानुआतू नावाचा देश आहे. सुमारे ऐंशी बेटांचा हा देश १९८० साली ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त राज्यातून स्वतंत्र झाला. त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या धुळे शहरापेक्षाही कमी आहे. २०१५ च्या मार्च महिन्यात 'पाम' नावाच्या चक्रीवादळाने या देशाचे जे नुकसान केले, ते त्याच्या वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होते. एका रात्रीत घराची अर्ध्या वर्षाची कमाई वाहून जावी, तसे हे झाले.

साउथ पॅसिफिक विद्यापीठ हे या भागातील अनेक छोट्या देशांनी मिळून चालवलेले विद्यापीठ आहे. त्याचे कायद्याचे शिक्षण वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथे दिले जाते. २०१९ साली तेथे शिकणारे, आठ देशांतून आलेले सत्तावीस विद्यार्थी आपल्या अभ्यासाचा भाग म्हणून एका प्रश्नावर चर्चा करत होते. हवामान बदलामुळे होणाऱ्या अन्यायावर आंतरराष्ट्रीय कायद्यात सर्वांत प्रभावी उपाय कोणता? वर्गातील बहुतेक चर्चा तास संपला की संपतात. ही संपली नाही. या मुलांनी ठरवले, की जगातील सर्वांत मोठ्या न्यायालयाला याबद्दल विचारायचे. त्यांनी एक संघटना स्थापन केली. सॉलोमन बेटांचे सॉलोमन येओ आणि सिंथिया हौनिउही, फिजीचे विशाल प्रसाद ही तिच्यातील पुढे आलेली नावे. विशाल प्रसाद हे नाव वाचून तुम्ही थबकला असाल. १८७९ ते १९१६ या काळात भारतातून हजारो मजूर ऊसमळ्यांत काम करण्यासाठी फिजीला नेण्यात आले. त्यांचे वंशज आजही त्या देशात मोठ्या संख्येने आहेत.

हे न्यायालय नेदरलँड्समधील हेग या शहरात आहे. त्याला आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचे हे न्यायालय १९४६ पासून काम करते. त्यात निरनिराळ्या देशांचे पंधरा न्यायाधीश असतात. या प्रकरणाच्या वेळी त्यांच्यात भारताचे दलवीर भंडारी हेही होते. २००४-०५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

पण एक अडचण होती. या न्यायालयात कोणी एक माणूस किंवा विद्यार्थ्यांची संघटना दावा लावू शकत नाही. देशच देशाविरुद्ध जाऊ शकतो. महाराष्ट्रात या न्यायालयाचे नाव घरोघरी गेले ते कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. त्यात जुलै २०१९ मध्ये निकाल लागला. तेथेही जाधव किंवा त्यांचे कुटुंबीय वादी नव्हते. भारत देश वादी होता. शिवाय छोट्या देशाने बलाढ्य देशावर दावा लावायचा, तर ज्याच्या मदतीवर आपण चालतो त्याच्याशीच वैर घेण्यासारखे होते. विद्यार्थ्यांनी म्हणून दुसरी वाट निवडली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला या न्यायालयाकडे एखाद्या कायदेशीर प्रश्नावर मत मागता येते. त्याला 'सल्लागार मत' म्हणतात. यात आरोपी कोणी नसतो. प्रश्न असतो आणि उत्तर असते.

वाट सापडली, पण ती लांबची होती. आमसभेत १९३ देश आहेत. त्यांतील बहुमत मिळाल्याशिवाय प्रश्न पुढे जाणार नव्हता. पलाऊ या दुसऱ्या एका छोट्या बेट-देशाने २०११ साली असाच प्रयत्न केला होता. तो पुढे गेला नाही. सत्तावीस विद्यार्थ्यांपाशी ना पैसा होता, ना ओळख. त्यांनी पॅसिफिक भागातील देशांच्या नेत्यांना पत्रे लिहिली. वानुआतूच्या सरकारने त्यांचे म्हणणे उचलून धरले. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी या कल्पनेला पाठबळ दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये वानुआतूने जाहीर केले, की हा प्रश्न आम्ही संयुक्त राष्ट्रांत नेणार.

मधल्या काळात करोनाची साथ आली. बेटांच्या सीमा बंद झाल्या. तरी काम थांबले नाही. इतर खंडांतील तरुणांनी २०२० मध्ये या मोहिमेसाठी जागतिक संघटना उभारली. आपापल्या देशाच्या सरकारला पत्र लिहायचे, मंत्र्यांना भेटायचे, वर्तमानपत्रांत लिहायचे, आणि वादळात किंवा भरतीत ज्यांचे घर गेले त्यांची साक्ष गोळा करायची, असे हे काम होते. मोर्चा, घोषणा, फलक यांत नव्हते असे नाही. पण माझ्या मते या मोहिमेचे बळ घोषणांत नव्हते. प्रश्न अचूक शब्दांत मांडण्यासाठी या मुलांनी जी चिकाटी दाखवली, तिच्यात होते. वानुआतूसह अठरा देशांच्या गटाने प्रश्नाचा मसुदा तयार केला. त्यात जर्मनी आणि न्यूझीलंड होते, तसाच आपला शेजारी बांगलादेशही होता. समुद्र वाढला तर आपली किती जमीन जाईल, हे बांगलादेशाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२०२३ च्या मार्चमध्ये वानुआतूवर तीन दिवसांत दोन चक्रीवादळे आली, ज्युडी आणि केविन. त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यूयॉर्कमध्ये आमसभेने ठराव मंजूर केला. मतदान घ्यावेच लागले नाही. १३० पेक्षा अधिक देशांनी ठरावावर आपले नाव घातले होते आणि कोणीही विरोध नोंदवला नाही.

प्रश्न दोन भागांत होता. सोप्या मराठीत तो असा सांगता येईल. आजच्या आणि उद्याच्या पिढ्यांसाठी हवामान सुरक्षित ठेवण्याबाबत कायद्याने देशांवर कोणती कर्तव्ये आहेत? आणि ज्या देशांनी ती न पाळल्यामुळे हवामानाचे मोठे नुकसान झाले, त्यांच्यावर कायद्याने काय परिणाम होतात? पहिला भाग कोणालाही मान्य व्हावा असा होता. खरी गोम दुसऱ्या भागात होती.

डिसेंबर २०२४ मध्ये हेगला सुनावणी झाली. ती २ ते १३ डिसेंबरपर्यंत चालली. ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आपले म्हणणे मांडले; या न्यायालयाच्या इतिहासात एवढी मोठी सुनावणी पूर्वी झाली नव्हती. पहिल्याच दिवशी सिंथिया हौनिउही न्यायाधीशांपुढे बोलल्या. पाच वर्षांपूर्वी ज्या वर्गात बसून चर्चा करत होत्या, त्यांना आता पंधरा न्यायाधीश ऐकत होते.

भारतानेही बाजू मांडली. भारताचे म्हणणे होते, की ज्या श्रीमंत देशांनी धूर केला त्यांनी जबाबदारी अधिक उचलावी. आणि देशांनी आपसांत जे करार केले आहेत, त्यांच्यापलीकडे जाऊन न्यायालयाने नवी बंधने घालू नयेत. यातील पहिला भाग बेटांवरच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने जातो, दुसरा तितकासा नाही. भारताची अडचण समजण्यासारखी आहे. येथे अजून कोट्यवधी लोकांना विजेची, कारखान्यांची आणि रोजगाराची गरज आहे.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत दिले. अध्यक्ष युजी इवासावा यांनी ते वाचून दाखवले. पंधराही न्यायाधीशांचे मत एक होते, आणि असे क्वचितच होते. न्यायालयाने सांगितले, की हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे कर्तव्य केवळ २०१५ च्या पॅरिस करारातून येत नाही. दुसऱ्याला इजा होईल असे वागू नये, या जुन्या नियमातूनही येते. म्हणून एखादा देश करारातून बाहेर पडला, तरी तो कर्तव्यातून सुटत नाही. स्वच्छ आणि निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क आहे, कारण त्यावाचून जगण्याचा, आरोग्याचा, अन्न-पाण्याचा हक्क टिकू शकत नाही. तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवणे हे देशांनी स्वीकारलेले मुख्य ध्येय आहे, आणि त्यासाठी कोणी मनाला येईल तेवढी कमी योजना आखून भागणार नाही. कोळसा व तेल काढण्यास परवाने देणे, त्यांना सरकारी पैशाची सवलत देणे, हेही कर्तव्यभंगात मोडू शकते.

आणि दुसरा भाग? ज्या देशाने कर्तव्य मोडले, त्याने ते वागणे थांबवावे, पुन्हा न करण्याची हमी द्यावी. आणि नुकसान त्याच्यामुळेच झाले हे पुरेशा निश्चितपणे दाखवता आले, तर भरपाईही द्यावी. समुद्र वाढल्यामुळे एखाद्या देशाची जमीन पाण्याखाली गेली, म्हणून त्या देशाचे अस्तित्व आपोआप संपत नाही, हेही न्यायालयाने म्हटले. आपल्याला हे वाक्य कोरडे वाटेल. ज्यांचे गाव खरेच बुडत आहे, त्यांना ते कोरडे वाटणार नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे मत म्हणजे हुकूम नाही. हेगच्या न्यायालयाकडे पोलीस नाहीत. त्याच्या मतामुळे एका रात्रीत एकही धुराडे बंद झाले नाही, आणि जळगावच्या केळीवाल्याला कोणी परदेशातून धनादेश पाठवला नाही. 'हे नुकसान तुमच्यामुळेच झाले' हे दाखवणे किती कठीण आहे, हे तुम्ही रावेरच्या एका वादळाचा विचार केलात तरी कळेल. मग सहा वर्षांच्या खटाटोपातून मिळाले काय? एक शब्द बदलला. यापूर्वी बुडणाऱ्या देशाला मिळणारी मदत ही श्रीमंत देशांची मेहेरबानी होती. दिली तर दिली, नाही तर नाही. आता तिची गणना हक्कात होऊ शकते. मेहेरबानी मागणाऱ्याला मान खाली घालावी लागते. हक्क मागणारा कागद पुढे ठेवतो. आणि हा कागद प्रत्येक देशातील वकिलाला आपल्या देशाच्या न्यायालयात दाखवता येतो. २०२५ चा 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत पॅसिफिकच्या या विद्यार्थ्यांची संघटनाही आहे.

भारतातही अशी धडपड झाली आहे, आणि ती या मुलांच्या आधी सुरू झाली. हरिद्वारची रिद्धिमा पांडे २०१७ साली नऊ वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी तिच्या राज्यात, उत्तराखंडात, केदारनाथच्या महापुराने हजारो माणसे नेली होती. हवामान बदल रोखण्यासाठी सरकार पुरेसे करत नाही, असा अर्ज तिच्या नावाने राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. २०१९ मध्ये लवादाने तो निकाली काढला. हवामानाचा विचार सध्याच्या कायद्यात होतोच, असे त्याचे म्हणणे होते. रिद्धिमाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने आणि जगातील इतर पंधरा मुलामुलींनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. स्वीडनची ग्रेटा थनबर्ग त्यांतलीच एक. तक्रार अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच देशांविरुद्ध होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये समितीने ती दाखल करून घेण्यास नकार दिला. आधी त्या त्या देशाच्या न्यायालयात जा, मग आमच्याकडे या, असे तिने सांगितले. मुले हरली. पण नकार देतानाच समितीने एक गोष्ट मान्य केली: एका देशाच्या धुरामुळे दुसऱ्या देशातील मुलांचे नुकसान झाले, तर धूर करणारा देश त्याला जबाबदार ठरू शकतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एक महत्त्वाचा निर्णय दिला. त्या वेळी सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. प्रकरण माळढोक पक्ष्याचे होते. हा मोठा, जड पक्षी राजस्थान-गुजरातच्या माळरानावर विजेच्या तारांना धडकून मरतो. महाराष्ट्रातही सोलापूरजवळ नान्नज येथे त्याचे अभयारण्य आहे. पक्षी वाचवायचा, तर तारा जमिनीखालून न्याव्या लागतील. पण त्याच भागातून सूर्याची आणि वाऱ्याची वीज न्यायची आहे. एका भल्या कामाच्या आड दुसरे भले काम आले. त्यावर निर्णय देताना न्यायालयाने सांगितले, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मध्ये आहे. कलम १४ समानतेचे, कलम २१ जीविताचे. उष्माघात सर्वांना सारखा होत नाही; वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला कमी होतो आणि पत्र्याच्या छपराखाली राबणाऱ्याला अधिक होतो. समानतेचा संबंध येथे येतो.

मुंबईच्या आरे वसाहतीतील झाडांची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे रातोरात तोडण्यास सुरुवात झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि सुट्टीच्या काळात खास बैठक घेऊन ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. मात्र तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती, आणि पुढे कारशेडही तेथेच झाले. हा विजय होता असे मी म्हणणार नाही. एका पोस्टाच्या पाकिटाएवढ्या पत्राने सर्वांत मोठे न्यायालय सुट्टीत उघडले, एवढे मात्र खरे.

धुळे जिल्ह्यात तर न्यायालयाची पायरी न चढताही कायदा झाला आहे. साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. गावाभोवतीचे जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटत होत्या. १९९० नंतर चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी स्वतःच नियम केले. झाड तोडेल त्याला दंड, आणि राखणीची पाळी प्रत्येक घराला. आज सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल त्या गावाने राखले आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरू लागले. गावात दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते, ती पाहायला लांबून लोक येतात. २०२५ साली चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली.

आपण मघाशी म्हटले, की धूर दुसऱ्यांनी केला. देशांचा हिशेब केला तर ते बरोबर आहे. पण भुसावळजवळ तापीच्या काठी दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथे रेल्वेच्या वाघिणींतून आलेला कोळसा जळतो. पाचशे मेगावॉटचे दोन संच तेथे आहेत. त्यांची उंच धुराडी लांबून दिसतात. ज्या भुसावळात मे महिन्यात माणूस घराबाहेर पडू शकत नाही, त्याच भुसावळच्या शिवारात हा धूर निघतो. आणि त्याच विजेवर दवाखान्यातला पंखा फिरतो, विहिरीचा पंप चालतो, यंत्रमाग धडधडतो. दुसरीकडे साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे त्याच महानिर्मिती कंपनीचा सूर्याच्या उन्हावर वीज करणारा १२५ मेगावॉटचा प्रकल्प आहे. जे ऊन केळी करपवते, तेच तेथे कामाला लावले आहे. पण ऊन रात्री नसते आणि दीपनगर रात्रीही चालते.

देशांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आजवरच्या धुराच्या प्रमाणात जबाबदारी उचलावी, असे हेगच्या न्यायालयाने मानले आहे. म्हणजे अमेरिकेने जे करायचे आणि भारताने जे करायचे, ते सारखे नाही. पण काहीच करायचे नाही, असाही त्याचा अर्थ होत नाही. दीपनगरच्या संचांवर भुसावळ परिसरातील अनेक कुटुंबांची चूल पेटते. कंत्राटी कामगार, कोळसा उतरवणारे, चहाची टपरी चालवणारे, सगळेच त्यात आले. ते संच कधीतरी बंद करायचे, तर केव्हा करायचे, आणि त्या दिवशी या कुटुंबांनी कोणत्या कामाला जायचे, हे पंधरा न्यायाधीशांनी सांगितलेले नाही. त्यांना कोणी ते विचारलेही नव्हते.